बुडाचा पोचा

न्यूझीलंडमध्ये मोटारी जुळवणारे शेवटचे कारखाने १९९८ मध्ये बंद झाले. जपानमध्ये वाहने तिथल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे जपानी लोकांनी वापरलेल्या मोटारी जहाजाने येतात, तपासल्या जातात आणि विकल्या जातात. समजा, अशीच एक मोटार आपल्याला पसंत पडली. रंग चकचकीत, इंजिन सुरेख. पण गॅरेजमध्ये उचलून पाहिली तर बुडाला एक पोचा आणि थोडा गंज. घ्यावी का?

पोचा केवढा आहे यापेक्षा तो कुठे आहे हे आधी पाहू. ट्रकला असते तशी वेगळी चासी आजच्या बहुतेक मोटारींना नसते. पातळ पोलादी पत्रे वाकवून, जोडून केलेल्या पोकळ पेट्याच भार पेलतात. दरवाज्यांखालचा उंबरा ही अशीच एक पेटी.

पोस्टकार्डाची नळी करून उभी ठेवा आणि तिच्यावर एकेक पुस्तक रचत जा. बरीच पुस्तके मावतात. आता तशीच दुसरी नळी घेऊन तिला मध्ये बोटाने किंचित चेपा. ती फार लवकर बसते, तेही चेपलेल्या जागीच. भिंत सरळ असेपर्यंत भार तिच्यातून सरळ खाली जातो. वाकल्या जागी तोच भार वाक आणखी वाढवतो. धडकेच्या वेळी मोटारीच्या पेटीचेही असेच होते, आणि आत माणसे असतात. सायलेन्सर चेपला असेल तर तो बदलता येतो.

सांगाडा तिरका झाला आहे का, हे भूमितीने कळते. बुडाला डावी-उजवीकडे जोडीजोडीने भोके असतात. पुढच्या एका आणि मागच्या एका जोडीतून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने चार खुणा करायच्या व दोन्ही कर्ण मोजायचे. ते समान हवेत. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कुणीही शिरू नये.)

गंजाचे प्रकरण अधिक फसवे. होक्काइडोसारख्या बर्फाळ भागात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर क्षार टाकतात. कॅल्शियम क्लोराइड हवेतली वाफ ओढून घेते, म्हणून पत्रा कोरड्या दिवशीही ओलसर राहतो. क्षारयुक्त पाण्यातून वीज सहज वाहते. गंजणे ही विद्युत्-रासायनिक क्रिया असल्याने तिला वेग येतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि वरचा लेप आतून उचलतो. पोच्यापाशी लेपाला तडा गेला असेल तर पाणी तिथूनच शिरते. बुडाला नुकताच काळा लेप फासलेला दिसला, तर आम्हाला तरी आधी संशय येईल.

जपानी लिलावात मोटारीबरोबर एक तपासणी-तक्ता असतो. त्यात ‘एस’ म्हणजे गंज, ‘सी’ म्हणजे खाल्ला गेलेला पत्रा. ‘आर’ ही श्रेणी अपघातानंतर दुरुस्त केलेल्या गाडीला देतात. विक्रेत्याकडे हा तक्ता मागावा. पोचा सायलेन्सरच्या पत्र्याला असेल तर किमतीत घासाघीस करून गाडी घ्यायला हरकत नाही. उंबरा चेपला असून त्याच्या सांध्यातून गंज डोकावत असेल, तर निम्म्या किमतीतही आम्ही ती घेणार नाही.