वाचनाचा गट आणि शिक्षकाचा कान

'असर' या शैक्षणिक पाहणीच्या 2024च्या अहवालानुसार देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत पाचवीच्या 44.8 टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. असे आकडे आले की प्रशिक्षणं वाढतात. 2021 साली 'निपुण भारत' हे पायाभूत साक्षरतेचं अभियान सुरू झाल्यापासून तर मोठ्याने वाचन, सहवाचन, मार्गदर्शित वाचन, स्वतंत्र वाचन हे शब्द शिक्षकांच्या चांगल्याच ओळखीचे झाले आहेत. यात मार्गदर्शित वाचन सगळ्यांत अवघड. साधारण एका पातळीवरची पाच-सहा मुलं शिक्षकाजवळ बसतात, सगळ्यांच्या हातात तेच पुस्तक असतं, जो तो आपापलं हळू आवाजात वाचतो आणि शिक्षक आळीपाळीने ऐकतात.

ऐकायचं कसं, हे मात्र क्वचितच शिकवलं जातं. एक मूल 'आई विहिरीवर गेली'च्या जागी 'आई विहिरीकडे गेली' वाचतं. दुसरं 'घार उडाली'चं 'घर उडाली' करून पुढे निघून जातं. पहिल्याने अर्थ धरून ठेवला आहे, त्याला लगेच टोकू नये. दुसऱ्याचा काना सुटला हे खरंच. पण घर 'उडालं' म्हणतात, 'उडाली' नाही, हे त्याला बोलताना पक्कं ठाऊक असतं. वाक्य संपू द्यावं आणि विचारावं, 'काय उडालं? बरोबर वाटतंय का?' मग ते मागे जातं आणि स्वतःच दुरुस्त करतं. घरी वारली बोलणाऱ्या मुलाला हाच आधार मिळेल असं नाही. तिथे शिक्षकांना त्याच्या बोलीचीही जाण हवी.

चुकांची आणि आपणहून केलेल्या दुरुस्तीची अशी नोंद ठेवायची पद्धत न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी बसवली. ती मराठीत जशीच्या तशी उचलता येत नाही. 'विहिरीवरून' हा एकच शब्द, पण त्यात सामान्यरूप आहे, 'वर' हे शब्दयोगी अव्यय आहे आणि 'ऊन' हा प्रत्ययही. पुस्तकाची पातळी ठरवताना शब्द मोजून भागत नाही, जोडाक्षरं आणि प्रत्ययही बघावे लागतात.

आपल्याकडे या कामाचा पाया आहे. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी मुलांच्या वाचनावर आयुष्य वेचलं. पालघरच्या वाडा तालुक्यात नीलेश निमकर आणि 'क्वेस्ट' संस्था यांचं काम आदिवासी मुलांच्या शाळांत उभं राहिलं. वाडा आणि कर्नाटकातलं यादगीर इथल्या वर्गांच्या दीर्घ अभ्यासात शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांना दिसलं, की अक्षरओळख आणि नक्कल यांतच बराच वेळ जातो, अर्थाच्या वाट्याला फार थोडा येतो. माझ्या मते आजच्या प्रशिक्षणांनी सुरुवात इथूनच करायला हवी.

आणि बाकीच्या मुलांचं काय? द्विशिक्षकी शाळेत एका गटाला पंधरा मिनिटं द्यायची, तर उरलेल्या मुलांना तेवढा वेळ स्वतंत्रपणे काम करायची सवय आधी लावावी लागते. सभागृहातल्या दोन दिवसांच्या सादरीकरणातून हे जमत नाही. प्रशिक्षकाने खऱ्या मुलांचा गट शिक्षकांसमोर घेऊन दाखवावा, पुढच्या महिन्यात वर्गात येऊन शिक्षकांचा गट बघावा आणि एका मुलाच्या एका पानावरच्या चुकांबद्दल दोघांनी निवांत बोलावं. केंद्रप्रमुखांच्या शाळाभेटीत माहिती भरण्याचं काम कमी केलं, तर या बोलण्याला वेळ आहे.