मोफत खाट : दया की हक्क?

वार्षिक अहवालात जमाखर्चाचे आकडे असतात. त्या आकड्यांमागील निर्णय कोणत्या निकषांवर घेतले जातात, हे जाणून घेण्याचा अधिकार देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक या सर्वांस आहे. म्हणून नीतिशास्त्रातील काही मूलभूत विचारांचा अल्प परिचय येथे करून देत आहोत.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मोफत उपचारांची एकच खाट रिकामी आहे आणि रुग्ण दोन आहेत. एक आर्णी तालुक्यातील शेतमजूर महिला. तिच्याजवळ तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आहे. दुसरे कोरडवाहू शेतकरी. त्यांच्या दाखल्यावरील रक्कम विहित मर्यादेहून थोडी अधिक, परंतु यंदाचा कापूस हातचा गेलेला. शिवाय त्यांच्यासाठी एका देणगीदारांची शिफारस आली आहे. खाट कोणास द्यावी?

जेरेमी बेंथम व जॉन स्टुअर्ट मिल यांचा उपयुक्ततावाद परिणामांकडे पाहतो. अधिकाधिक लोकांचे अधिकाधिक हित ज्यातून साधते, ती कृती योग्य. साधने तुटपुंजी असताना हा विचार उपयोगी पडतो; परंतु केवळ त्यावर विसंबल्यास वृद्ध व दीर्घकाळ आजारी रुग्ण प्रत्येक हिशेबात मागे पडतील.

इमॅन्युएल कांट यांनी १७८५ साली मांडलेला कर्तव्यवाद वेगळा प्रश्न विचारतो : आपण जे करीत आहोत, तो सर्वांसाठी नियम व्हावा असे आपणांस वाटेल काय? शिफारशीने खाट मिळणे हा नियम झाला, तर ज्यांची कोणाशीच ओळख नाही त्यांना ती कधीच मिळणार नाही. या कसोटीवर शिफारस टिकत नाही.

अमेरिकन विचारवंत जॉन रॉल्स यांनी १९७१ साली न्यायाची आणखी एक कसोटी सांगितली. आपण श्रीमंत असू की गरीब, निरोगी की आजारी, हे ठाऊक नाही असे समजून नियम ठरवावेत. असे ठरविणारा मनुष्य सर्वांत दुर्बलाची सोय आधी करील.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेत हाच न्यायविचार आढळतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये व मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. तातडीच्या प्रसंगी अनामत रक्कम न मागता रुग्णास दाखल करून त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार देणे बंधनकारक आहे. म्हणजेच ही खाट कोणाच्या कृपेने मिळत नाही. तो रुग्णाचा हक्क आहे.

तेव्हा उदाहरणातील खाट त्या शेतमजूर महिलेची. मग त्या शेतकऱ्याचे काय? नियमाला कोठेतरी रेषा आखावीच लागते, आणि रेषेच्या किंचित पलीकडे उभा असलेला मनुष्य कमी गरजू असतोच असे नाही. येथेच दानाचे कार्य सुरू होते. कायद्याचा हक्क जेथे संपतो, तेथे देणगीदारांचा निधी त्याचे देयक हलके करू शकतो. मात्र ती मदत शिफारस पाहून नव्हे, तर गरज पाहून दिली गेली पाहिजे.

ॲरिस्टॉटलने नीतीचा विचार मनुष्याच्या सद्गुणांपासून केला. नियम उत्तम असला, तरी नोंदणीच्या खिडकीवरील शब्द कठोर असतील, तर हक्काची खाटही भिक्षेसारखी वाटते. सौजन्य व विवेक यांची नोंद ताळेबंदात होत नाही, परंतु रुग्णास त्यांचीच आठवण राहते.

देणगीदारांस आमची नम्र विनंती, की शक्यतो आपली देणगी विशिष्ट रुग्णाशी न जोडता सर्वसाधारण रुग्णसाहाय्यासाठी द्यावी. आणि नातेवाईकांनी शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला सोबत आणून निःसंकोचपणे विचारणा करावी. हक्काची गोष्ट मागण्यात कमीपणा नाही.