चलच्चित्रण, अंकीय
भिंगातून आलेल्या प्रकाशाचे इलेक्ट्रॉनीय संवेदकाच्या साहाय्याने विद्युत् संकेतांत व त्या संकेतांचे अंकांत रूपांतर करून हलत्या दृश्याच्या क्रमवार प्रतिमा ध्वनीसह नोंदविण्याच्या क्रियेस अंकीय चलच्चित्रण म्हणतात. रासायनिक क्रियेने प्रतिमा उमटविणारी चित्रपटफीत व दूरचित्रवाणी संकेत नोंदणारी चुंबकीय फीत या दोहोंची जागा आता बहुतांशी या पद्धतीने घेतली आहे. कॅमेऱ्याची अंतर्रचना गुंतागुंतीची असली, तरी तो वापरणाऱ्याने आधी ठरवावयाच्या गोष्टी मोजक्याच असतात : दर सेकंदास किती चित्रे घ्यावयाची, प्रत्येक चित्रासाठी संवेदकावर किती वेळ प्रकाश पडू द्यावयाचा, पांढरा रंग कोणत्या प्रकाशात पांढरा मानावयाचा आणि ध्वनी कोणत्या पातळीवर नोंदावयाचा. रंगछटा व उजळपणा यांतील लहान दोष मागाहून संगणकावर बरेचसे सुधारता येतात. चित्रगती, उद्‌भासनकाल (संवेदकावर प्रकाश पडू देण्याचा अवधी) व ध्वनी यांत झालेली चूक मात्र बहुधा कायमची राहते. लग्न, जत्रा किंवा वृद्ध व्यक्तीचे कथन यांचे चित्रण पुन्हा करता येत नसल्याने या तीन गोष्टींचा विचार कॅमेरा सुरू करण्यापूर्वीच करावा लागतो.

मुंबई उपनगर जिल्ह्यातील मढ हे या दृष्टीने बोधप्रद ठिकाण आहे. साष्टी बेटाच्या पश्चिम कडेस अरबी समुद्र व मालाडची खाडी यांच्या दरम्यान वसलेल्या या भागात मालाडहून मार्वे रस्त्याने वा वर्सोव्याहून तरीने जाता येते. कोळीवाडा, पोर्तुगीजकालीन किल्ला, समुद्रकिनारा व चित्रीकरणासाठी भाड्याने मिळणारे बंगले यांमुळे चित्रपट व दूरचित्रवाणी मालिका यांचे काम येथे अनेक वर्षे चालत आले आहे. वाळूवरील प्रखर ऊन, घरातील विजेचे दिवे, सतत वाहणारा वारा व लाटांचा ध्वनी या चारही अडचणी येथे एकाच दिवसात पुढे येतात.

चित्रगती : कॅमेऱ्यावर ‘फ्रेम रेट’ या नावाने दर्शविली जाणारी चित्रगती म्हणजे दर सेकंदास नोंदल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या होय. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवीत असल्याने ती निश्चित नसे. दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटाचा काळ हाच होय. बोलपटात चित्रासमवेत ध्वनीही फितीवर आला. गती बदलली की स्वर बदलू लागला, म्हणून १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दर सेकंदास २४ चित्रे ही गती सर्वत्र रूढ झाली. दूरचित्रवाणीची चित्रगती मात्र विद्युत् पुरवठ्याच्या कंप्रतेशी (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येशी) निगडित राहिली. भारतात व यूरोपात ही कंप्रता ५० असल्याने तेथे २५ चित्रे, तर अमेरिकेत ती ६० असल्याने ३० चित्रे घेण्याची प्रथा पडली. रंगीत प्रक्षेपणाच्या सोयीसाठी अमेरिकेत १९५३ मध्ये ३० ही संख्या किंचित घटवून सु. २९·९७ करण्यात आली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, ते २५ चित्रांच्या पद्धतीनेच.

अंकीय कॅमेऱ्यात या सर्व गती उपलब्ध असतात आणि परदेशांतून आलेली उपकरणे पुष्कळदा ३० किंवा ६० या गतीवर लावलेली असतात. भारतात दूरचित्रवाणीसाठी, समारंभांसाठी व माहितीपटांसाठी २५ ही गती सोयीची असते. चित्रपटगृहात दाखवावयाच्या कृतीसाठी २४ निवडतात. एका कामासाठी एकच गती ठरवून सर्व कॅमेऱ्यांवर तीच ठेवणे आवश्यक आहे. २४ गतीचा चित्रपट २५ गतीने दाखविल्यास १५० मिनिटांची कृती १४४ मिनिटांत संपते व दुरुस्ती न केल्यास आवाज सु. दोनतृतीयांश अर्धस्वराने चढतो. ३० गतीचे चित्रण २५ गतीच्या संकलनात घातले, तर दर सहा चित्रांतील एक गाळावे लागते आणि चालणारा माणूस अडखळल्यासारखा दिसतो. भ्रमणध्वनी यंत्रे प्रकाशानुसार चित्रगती आपोआप बदलतात, म्हणून त्यांवर गती स्थिर ठेवणारी व्यवस्था निवडावी लागते. संथ गतीचा परिणाम साधण्यासाठी ५० किंवा १०० चित्रे घेऊन ती २५ गतीने दाखवितात. तेव्हा हालचाल अनुक्रमे निम्म्या वा पाव वेगाने होताना दिसते.

उद्‌भासनकाल व दिव्यांची लुकलुक : ‘शटर’ या नावाने परिचित असलेली व्यवस्था उद्‌भासनकाल ठरविते. हा काल चित्रगतीच्या व्यस्तांकाच्या निम्मा, म्हणजे २५ चित्रांसाठी १/५० सेकंद ठेवल्यास हलणारी वस्तू प्रत्येक चित्रात किंचित पुसट उमटते व हालचाल डोळ्यांना सलग वाटते. काल १/१००० सेकंदापर्यंत कमी केल्यास प्रत्येक चित्र रेखीव येते, पण हालचाल तुटक भासते.

घरातील प्रकाशात या निवडीस आणखी एक कारण असते. ५० कंप्रतेच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर (मूल्य व दिशा ठराविक काळाने बदलणाऱ्या प्रवाहावर) चालणाऱ्या दिव्याचा प्रकाश सेकंदास १०० वेळा कमीजास्त होतो. तारेच्या दिव्यात तार तापलेलीच राहत असल्याने हा बदल थोडा असतो. जुन्या पद्धतीच्या नलिकादीपांत व साध्या एलईडी दिव्यांत तो ठळक असतो. डोळ्यांना तो जाणवत नाही, संवेदकाला जाणवतो. उद्‌भासनकाल १/५० सेकंद असल्यास प्रत्येक चित्रात प्रकाशाचे नेमके दोन स्पंद येतात, १/१०० सेकंद असल्यास एक. त्यामुळे सर्व चित्रे सारखी उजळतात. काल १/६० सेकंद ठेवल्यास एक पूर्णांक दोनतृतीयांश स्पंद येतात, कोणत्या चित्रात कोणता भाग येईल याचा नेम राहत नाही आणि चित्र लुकलुकते. संवेदकाच्या ओळी एकामागून एक वाचल्या जात असल्याने पडद्यावर सरकणारे काळसर पट्टेही दिसतात. ते मागाहून पूर्णपणे काढणे फार अवघड असते. २४ किंवा ३० गतीने चित्रण करणे भाग असले, तरी १/५० सेकंद हा काल ठेवून ही लुकलुक टाळता येते. जत्रेतील रोषणाई अनेकदा लहान जनित्रावर चालते. त्याचा वेग स्थिर नसल्यास कंप्रता बदलते. अशा वेळी, तसेच तीव्रता कमी केलेल्या एलईडी दिव्यांखाली, काही सेकंदांचे चित्रण आधी करून मोठ्या पडद्यावर तपासतात.

उन्हातील चित्रण : दुपारच्या उन्हात १/५० सेकंद हा काल फार मोठा ठरतो. अनेक अंकीय कॅमेऱ्यांची विस्तृत उजेड-छायेसाठी ठरविलेली संवेदनक्षमता ८०० असते. तिच्यासाठी भर उन्हात एफ/१६ या द्वारकास (भिंगाच्या छिद्रास) सु. १/८०० सेकंद पुरतो. म्हणजे १/५० सेकंदात सोळापट प्रकाश येतो. पार्श्वभूमी पुसट करण्यासाठी द्वारक एफ/४ पर्यंत उघडल्यास तो आणखी सोळापट, एकूण २५६ पट होतो. मढच्या वाळूवरून परावर्तित होणारा प्रकाश यात भरच घालतो. यावर उपाय म्हणजे एनडी या अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या करड्या गाळण्या होत. त्या रंग न बदलता प्रकाश कमी करतात. गाळणी नसेल, तर संवेदनक्षमता कमी करावी व नंतरच उद्‌भासनकाल घटवावा. स्वयंचलित व्यवस्था हा क्रम पाळेलच असे नाही, म्हणून ती बंद ठेवणे इष्ट असते. पांढऱ्या रंगाचा संदर्भही हाताने ठरवितात : सूर्यप्रकाशासाठी सु. ५,६०० व तारेच्या दिव्यांसाठी सु. ३,२०० केल्व्हिन. तो स्वयंचलित ठेवल्यास निळा समुद्र चौकटीत येताच माणसाच्या चेहऱ्याचा रंग बदलतो.

ध्वनी : चित्रातील उणीव प्रेक्षक पुष्कळदा सोसतो, न समजणारे बोलणे मात्र कृतीचा हेतूच नाहीसा करते. मुंबईत ही अडचण बोलपटाइतकीच जुनी आहे. आलम आरा (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाचे स्टुडिओ लोहमार्गालगत होते. गाड्यांचा आवाज टाळण्यासाठी त्याचे बरेचसे चित्रण रात्री गाड्या थांबल्यावर करण्यात आले. पुढे संवाद मागाहून ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत हिंदी चित्रपटांत रूढ झाली. लगान (२००१) या चित्रपटाने चित्रणस्थळीच संवाद मुद्रित करण्याच्या पद्धतीकडे पुन्हा लक्ष वेधले. माहितीपट वा मुलाखत यांत मागाहून मुद्रण करणे शक्यच नसते.

चलच्चित्रणासाठी ध्वनीचे दर सेकंदास ४८,००० नमुने घेण्याचा प्रघात आहे. यायोगे मानवी श्रवणाची सु. २०,००० हर्ट्‌झची वरची मर्यादा नोंदता येते. संगीताच्या तबकड्यांसाठी ४४,१०० ही संख्या वापरीत. दोन्हींची सरमिसळ टाळावी. प्रत्येक नमुन्यासाठी २४ द्विमान अंक घेतल्यास ध्वनी कमी पातळीवर नोंदूनही खरखर वाढत नाही. म्हणून बोलण्याची उच्चतम पातळी मापकावर शून्याखाली सु. १२ डेसिबेल ठेवतात. शून्यावर गेलेला ध्वनी कापला जातो व तो परत मिळविता येत नाही. आपोआप पातळी बदलणारी व्यवस्था बोलणारा थांबताच लाटांचा आवाज वर उचलते, म्हणून ती बंद करतात.

ध्वनीच्या गुणवत्तेत कॅमेऱ्याच्या किंमतीपेक्षा ध्वनिग्राहकाच्या अंतराला अधिक महत्त्व आहे. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केल्यास बोलण्याची पातळी सु. ६ डेसिबेल वाढते, लाटांची मात्र वाढत नाही. त्यामुळे कॅमेऱ्यावरील ध्वनिग्राहकावर विसंबण्याऐवजी कपड्यावर लावण्याचा लहान ध्वनिग्राहक वापरतात. किनाऱ्यावर त्यास केसाळ आवरण घालणे अत्यावश्यक असते. वाऱ्याचा घुमारा साध्या स्पंजाने थांबत नाही. सु. ८० हर्ट्‌झखालील ध्वनी अडविणारी व्यवस्थाही चालू ठेवतात. तरीच्या इंजिनाचा व विमानांचा आवाज टाळण्यासाठी कानात श्रवणी लावून थांबणे एवढाच खात्रीचा उपाय आहे. संवादानंतर त्याच जागेचा नुसता परिसरध्वनी मिनिटभर नोंदल्यास संकलनातील जोड झाकता येतात.

चित्र व ध्वनी यांची जुळणी : ध्वनी वेगळ्या यंत्रावर नोंदल्यास प्रारंभी पाटी वाजवून किंवा टाळी देऊन दोहोंना समान खूण देतात. दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा लाखांत दहा भागांचा फरक असला, तरी तासाभरात ३६ मिलिसेकंदांचे, म्हणजे जवळजवळ एका चित्राचे अंतर पडते. म्हणून लांब कार्यक्रमात शेवटीही टाळी देतात. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदास सु. ३४० मी. असल्याने १४ मी. दूरच्या कॅमेऱ्यावर नोंदलेला ध्वनी चित्रापेक्षा एका चित्राने मागे पडतो, हेही ध्यानात घ्यावे लागते.

साठवण व निगा : सेकंदास ५० मेगाबिट या प्रमाणात नोंदलेल्या एका तासाच्या चित्रणास सु. २२·५ गिगाबाइट जागा लागते. कार्ड पुसण्यापूर्वी दोन स्वतंत्र प्रती करून त्या उघडून पाहतात. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा एकदम दमट सागरी हवेत नेल्यास भिंगावर दव साचते. तो बंद पिशवीतच बाहेरच्या तापमानाला येऊ देतात. खारे तुषार ओलसर मऊ कापडाने पुसून मग कोरड्या कापडाने टिपतात.

मढसारख्या गावातील कोळी बोली, लग्नविधी व मासे वाळविण्याच्या पद्धती यांची चित्रित नोंद आता साध्या उपकरणांनी गावकऱ्यांनाच करता येते. तिचे मोल पुढील पिढीस किती राहील, हे उपकरणाच्या किंमतीपेक्षा चित्रगती, उद्‌भासनकाल व ध्वनिपातळी हाताने ठरवून, एक मिनिटाचे चित्रण करून, ते पाहून व ऐकून मगच कामास लागण्याच्या सवयीवर अधिक अवलंबून असते.