बर्फाखालचा धोका आणि न बोललेला शब्द

सिअॅटल परिसरात स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांतील तरुण मुले आता रिसॉर्टच्या आखीव उतारांपलीकडे, बॅककंट्रीत स्कीइंगला जाऊ लागली आहेत. तेथे गस्तीपथक नसते, की आधीच स्फोट घडवून पाडलेला धोकादायक बर्फ नसतो. संकट ओळखण्याची जबाबदारी ज्याची त्याचीच. आपल्यापैकी बहुतेकांचे बालपण बर्फाविना गेले. त्यामुळे हे ज्ञान आपल्याला अभ्यासानेच मिळवावे लागेल.

बर्फ थराथरांनी साचतो. एखादा थर साखरेसारखा भुसभुशीत राहतो आणि त्यावर वाऱ्याने वाहून आणलेल्या बर्फाची घट्ट लादी बसते. वरून सारे नितळ दिसते; परंतु एका माणसाच्या भारानेही खालचा थर ढासळतो आणि लादी सुटते. माणसे सापडतात अशा सुमारे ९० टक्के हिमस्खलनांना ती स्वतः किंवा त्यांचे सोबतीच कारणीभूत ठरतात. बहुतेक लाद्या ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. स्कीइंगला मोहवणारा उतारही हाच. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज, स्कीपासून पुढे धावणारी भेग किंवा शेजारच्या उतारावरील ताजे स्खलन दिसताच तीव्र उतार सोडून द्यावा.

तथापि सर्वांत दुर्लक्षित धोका माणसांच्या समूहात दडलेला असतो. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी स्टीव्हन्स पासजवळील टनेल क्रीक येथे स्कीइंगमध्ये मुरलेल्या माणसांचा मोठा गट उतरला आणि हिमस्खलनात तिघे दगावले. गट फार मोठा आहे, अशी शंका काहींच्या मनात आली होती. पण इतके जाणकार सोबत असताना ती कोणी ठामपणे मांडली नाही. इयान मॅकॅमन या अभ्यासकाने अशाच सापळ्यांची मांडणी केली आहे: ओळखीची वाट, जाणकारावरील आंधळी भिस्त, इतरांच्या ताज्या खुणा.

म्हणून निघण्यापूर्वी नॉर्थवेस्ट अॅव्हलांच सेंटरचा त्या दिवसाचा अंदाज वाचावा. पाच पायऱ्यांच्या धोकामापनात तिसरी पायरी मधली म्हणून सौम्य समजू नये; अमेरिकेत अनेक बळी त्याच दिवशी जातात. प्रत्येकाजवळ बीकन, प्रोब आणि फावडे असावे व त्यांचा सराव असावा. गाडला गेलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. बाहेरची मदत तोवर क्वचितच पोहोचते. तीव्र उतार एकेकाने ओलांडावा.

आणि एक नियम गटाने आधीच ठरवावा: सर्वांत नवख्या सोबत्याला प्रथम बोलू द्यावे, आणि कोणा एकाचाही नकार आला, तर साऱ्यांनी मागे फिरावे.