पंचविशीतच खुबा दुखावला

रग्बीपटू टॉम करी २०१७ मध्ये, वयाची १९ वर्षे पूर्ण होण्याआधीच, इंग्लंडकडून अर्जेंटिनाविरुद्ध उतरला. तो फ्लँकर. धावत्या प्रतिस्पर्ध्याला पाडायचे आणि लगेच कमरेत वाकून चेंडू हिसकावायचा, हे त्याचे काम. तो वाकलेला असतानाच समोरचे धिप्पाड गडी त्याच्यावर आदळतात. त्यातला बराच भार खुब्याच्या सांध्यावर येतो. २०२३ च्या विश्वचषकानंतर करीच्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तो २५ वर्षांचा होता. आपल्याकडे हे दुखणे आजी-आजोबांचे! सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती झिजली की सहसा भरून येत नाही. व्यायामाने मांड्या कमावता येतात, कूर्चा नव्हे. तरीही २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात लायन्स संघाच्या तिन्ही कसोटींत करी सुरुवातीपासून मैदानात होता.