प्रीमियर पद्मिनीचे इंजिन

प्रीमियर पद्मिनीचे इंजिन हे १०८९ सीसी क्षमतेचे, चार सिलिंडरांचे व पाण्याने थंड होणारे पेट्रोल इंजिन होय. त्याचा मूळ आराखडा इटलीतील फियाट कंपनीचा असून १९३७ साली बाजारात आलेल्या ‘५०८ सी’ या मोटारीत तो प्रथम वापरला गेला. मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने याच जातीचे इंजिन फियाट ११०० व पुढे पद्मिनी या मोटारींसाठी २०००च्या सुमारापर्यंत बनविले. एकाच आराखड्याने साठ वर्षांहून अधिक काळ चाकरी करावी, हे मोटारींच्या इतिहासात क्वचितच घडले आहे.

पार्श्वभूमी

सोलापूर येथे जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रारंभी क्रायस्लर कंपनीच्या मोटारींची जुळणी होत असे. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी फियाटशी करार झाला. केवळ सुटे भाग आणून जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना देशात स्थान नाही, असे धोरण १९५३ नंतर सरकारने स्वीकारले. त्यामुळे जनरल मोटर्स व फोर्ड यांनी आपला येथील व्यवसाय आवरला आणि प्रीमियरला मात्र इंजिनाचे भाग क्रमाक्रमाने येथेच घडवावे लागले. या इंजिनाच्या दीर्घायुष्याचे एक मूळ या सक्तीत आहे.

इटलीत १९६२ साली आलेल्या ‘११०० डी’ या मोटारीला १२२१ सीसीचे मोठे इंजिन मिळाले. भारतात १९६४ पासून त्याच बांधणीची मोटार निघू लागली, पण इंजिन जुने १०८९ सीसीचेच राहिले. तिचे नाव पुढे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व १९७४ पासून चितोडच्या राणीवरून ‘प्रीमियर पद्मिनी’ असे झाले. नवे नाव बव्हंशी कागदोपत्रीच राहिले. लोक तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत.

रचना

चारही सिलिंडर एका ओळीत असून प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, तर पिस्टनचा वरखाली जाण्याचा पल्ला, म्हणजे स्ट्रोक, ७५ मिलिमीटर आहे. विद्यार्थ्यांना इंजिनाची क्षमता यावरूनच काढून पाहता येते. व्यास ६.८ सेंटिमीटर धरला तर वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३६.३ चौरस सेंटिमीटर येते, त्याला ७.५ ने गुणल्यास एका सिलिंडरचे घनफळ सुमारे २७२.४ घन सेंटिमीटर आणि चारांचे मिळून १०८९ घन सेंटिमीटर होते.

सिलिंडरचा ठोकळा बिडाचा व वरचे हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. क्रँकशाफ्टला तीन मुख्य बेअरिंगांचा आधार असतो. कॅमशाफ्ट हेडवर नसून खाली ठोकळ्यात असते व ते साखळीने फिरते. त्यावरील उंचवटे लांब दांड्यांना वर ढकलतात आणि दांड्या रॉकरच्या साहाय्याने व्हॉल्व्ह उघडतात. ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा असतो. पेट्रोल कॅमशाफ्टवर चालणाऱ्या पडद्याच्या पंपाने कार्बोरेटरकडे येते आणि ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट ठरवितात. इलेक्ट्रॉनिक असा एकही भाग मूळ रचनेत नाही.

इंजिनाची शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती होती. सुमारे ९०० किलोग्रॅम वजनाची मोटार आणि त्यात पाच-सहा माणसे, हा भार पाहता ती बेताचीच म्हणावी लागेल. १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० चे तीन सिलिंडरांचे इंजिन ७९६ सीसीतून जवळजवळ तितकीच, म्हणजे सुमारे ३९ अश्वशक्ती देत असे. लिटरमागे हिशेब केला तर पद्मिनी ३७ च्या, तर मारुती ४९ च्या आसपास येते. पद्मिनीचे हे मागासलेपणच तिच्या टिकाऊपणाला पोषक ठरले, असे म्हणता येते. इंजिनावर ताण कमी असे आणि मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगाने चालताना पिस्टनची सरासरी गती सेकंदाला अवघी साडेसात मीटर राही. त्या काळी मिळणाऱ्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवरही ते तक्रार न करता चाले.

विश्वासार्हता

हे इंजिन ‘कधी बिघडत नाही’ अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. ते वारंवार बिघडे, पण बहुतेक बिघाड रस्त्याच्या कडेला, पाना, पक्कड व पोलिश कागद यांच्या साहाय्याने दुरुस्त होत. पॉइंट काळे पडणे, प्लगवर काजळी धरणे, कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकणे, पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरणे हे नेहमीचे प्रकार होते.

उन्हाळ्यातील तक्रार वेगळी असे. पंप व नळी तापली की पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह खंडित होई आणि मोटार चढावर मध्येच बंद पडे. बोरघाटात, किंवा पुण्याहून हडपसरच्या बाजूने सासवडकडे जाताना लागणाऱ्या दिवे घाटात, बॉनेट उघडून पंपावर ओले फडके टाकून बसलेले कुटुंब हे एके काळी परिचित दृश्य होते.

खरा धोका मात्र इंजिन अति तापण्यात होता. ॲल्युमिनियम बिडापेक्षा अधिक प्रसरण पावते. पंख्याचा पट्टा तुटला किंवा रेडिएटरमधील पाणी आटले आणि चालकाने तशीच मोटार दामटली, तर हेड वाकडे होऊन गॅस्केट जाई व पाणी तेलात मिसळे. अशा वेळी हेड उतरवून ते सपाट करून घ्यावे लागे. झीज झालेल्या सिलिंडरांना बोअर मारून मोठ्या मापाचे पिस्टन बसविता येत, क्रँकशाफ्ट घासून नवी बेअरिंगे घालता येत. त्यामुळे एकच इंजिन अनेकदा पुन्हा बांधले जाई. मुंबईच्या टॅक्सी वर्षानुवर्षे चालल्या त्या या सोयीमुळे. टॅक्सीचालकाचे रोजचे उत्पन्न गाडी रस्त्यावर असण्यावर अवलंबून होते आणि स्वस्त सुटे भाग व गल्लोगल्लीचे मिस्त्री यांनी ते सांभाळले. इंजिनाची ख्याती सांगताना या मिस्त्रींचा वाटा सहसा विसरला जातो.

इंधन व प्रदूषण

ज्या साधेपणामुळे दुरुस्ती सोपी झाली, त्याच साधेपणामुळे धूर आटोक्यात ठेवणे अवघड झाले. कार्बोरेटर इंधनाचे प्रमाण काटेकोर राखू शकत नाही, आणि पॉइंटची जुळणी थोडी बिघडली तरी अर्धवट जळालेले पेट्रोल बाहेर पडते. चार महानगरांत एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक व शिसेविरहित पेट्रोल आवश्यक झाले. पुढे मुंबईतील टॅक्सी सीएनजीवर आणण्यात आल्या. वायुरूप इंधन सिलिंडरमधील हवेची जागा घेत असल्याने मुळातच बेताची असलेली शक्ती आणखी घटली. शिवाय टाकीने डिकी व्यापल्यामुळे प्रवाशांचे सामान टपावरच्या कॅरिअरवर गेले. डिझेलवर चालणारी ‘१३७ डी’ ही आवृत्ती १९९६ मध्ये आली, तिचे इंजिन सर्वस्वी वेगळे होते.

मुंबईत टॅक्सींसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा लागू आहे. तेथील अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिची मुदत संपली. किमान एक टॅक्सी जतन करून ठेवावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली होती. खासगी मालकीच्या काही पद्मिनी अद्याप चालू स्थितीत आहेत.