संयुक्त उपक्रम, परकीय भांडवल आणि निर्गमनाचा प्रश्न

परकीय गुंतवणूकदार आणि देशी उद्योगसंस्था मिळून जी कंपनी चालवितात, तीस संयुक्त उपक्रम असे म्हणतात. अशा उपक्रमात विधिज्ञाचे कार्य परवाने मिळविणे व दस्तऐवज तयार करणे एवढेच असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः त्याच्या कौशल्याची कसोटी सहकार्य संपुष्टात येते त्या वेळी लागते. उपक्रमाचा आरंभ सलोख्याने होतो. त्याचा शेवटही तसाच होईल, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून बाहेर पडण्याची वाट आरंभीच आखावी लागते, आणि ती देशाच्या कायद्यात बसणारी असावी लागते.

भारतात प्रवेशाची वाट कालांतराने रुंद झाली. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये बहुसंख्य विदेशी कंपन्यांवर आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत उतरविण्याचे बंधन आले. ते न पत्करता कोका-कोला व आय.बी.एम. या कंपन्यांनी १९७७-७८ च्या सुमारास देश सोडला. १९९१ मध्ये धोरण पालटले आणि १ जून २००० पासून त्या कायद्याच्या जागी परकीय चलन व्यवस्थापन कायदा अमलात आला. आज अनेक क्षेत्रांत पूर्वपरवानगीवाचून गुंतवणूक करता येते. निर्गमनाच्या वेळी मात्र भागांच्या किमतीवर नियंत्रण कायम आहे. निवासी खरेदीदाराने अनिवासी विक्रेत्यास वाजवी मूल्याहून अधिक किंमत देऊ नये, असा सामान्य नियम आहे. भागभांडवलात जोखीम पत्करलेल्याने कर्जदात्याप्रमाणे निश्चित परताव्याची हमी मागू नये, हे त्यामागील तत्त्व होय.

या तत्त्वाचा कराराशी कसा संघर्ष होतो, हे टाटा-डोकोमो प्रकरणावरून स्पष्ट होते. २००९ मध्ये डोकोमो या जपानी कंपनीने टाटा टेलिसर्व्हिसेसचे भाग प्रत्येकी सुमारे ११७ रुपयांस घेतले. उपक्रमाने ठरीव उद्दिष्टे न गाठल्यास वाजवी मूल्य किंवा खरेदी किमतीचा निम्मा भाग, यांपैकी जी रक्कम अधिक असेल त्या किमतीस हे भाग घेणारा खरेदीदार टाटा सन्सने मिळवून द्यावा, असे करारात होते. २०१४ मध्ये डोकोमोने हा हक्क बजावला. वाजवी मूल्य २३.३४ रुपये, तर करारातील किंमत ५८.०४५ रुपये होती. रिझर्व्ह बँकेने या किमतीस परवानगी नाकारली. लंडन येथील लवादाने २०१६ मध्ये सुमारे १.१७ अब्ज डॉलरांचा निवाडा दिला. अनिवासी खरेदीदार शोधून करार पाळणे शक्य होते, सबब जबाबदारी टळत नाही, असे लवादाचे मत पडले. पुढे उभय पक्षांत समझोता झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेचा हस्तक्षेप अमान्य केला आणि ही रक्कम भागांची किंमत नसून करारभंगाची नुकसानभरपाई आहे, हा भेद मान्य करून निवाडा अंमलबजावणीयोग्य ठरविला.

या भेदामुळे गुंतवणूकदारास न्याय मिळाला खरा. परंतु त्यासाठी सुमारे तीन वर्षे खर्ची पडली. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१४ मध्येच अशा विक्रीहक्कांना मुभा दिली होती. तथापि किमान एक वर्ष भाग बाळगणे आणि निश्चित परताव्याची हमी नसणे, या त्यांतील अटी होत्या.

आणखी एक दक्षता आवश्यक असते. भाग-हस्तांतरणावरील निर्बंध केवळ भागधारकांच्या खाजगी करारात असून भागत नाही. ते कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्समध्ये, समाविष्ट नसतील तर कंपनीवर बंधनकारक ठरत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या रंगराज प्रकरणात म्हटले आहे.

तात्पर्य, पक्षांनी काय ठरविले एवढेच पाहून विधिज्ञास थांबता येत नाही. जे ठरले ते परकीय चलनाच्या नियमांत बसते काय, कंपनीच्या नियमावलीत उतरले आहे काय, आणि वाद उद्भवल्यास कोणत्या देशात, कोणत्या कायद्यान्वये निवडला जाईल, या तीन प्रश्नांची उत्तरे स्वाक्षरीपूर्वी मिळाली, तरच करारातील आश्वासनास प्रत्यक्षात मोल राहते.